चार पेले पाणी आणि सोळा मिलीमीटर

२९ फेब्रुवारी १९९६, गुरुवार. या दिवशी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात जवळपास तीन हजार गरोदर स्त्रियांच्या मोजमापांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी जितकी कमी भरते, तितका मूल मुदतीआधी जन्मण्याचा धोका वाढतो, असे त्यात आकड्यांनिशी मांडले होते. ज्याला शंका असेल त्याने कोणत्याही बऱ्या वैद्यकीय ग्रंथालयात जाऊन तारीख पडताळून घ्यावी.

त्याच गुरुवारी या हकिकतीतली बाई एका रुग्णालयाच्या सोनोग्राफीच्या खोलीत नोकरीचा सातवा आठवडा भरत होती. खोलीची त्या वर्षीची नोंदवही अजून शाबूत आहे. तिच्यानुसार त्या दिवशी चौदा गरोदर बायका तपासल्या गेल्या, आणि चौदाही नावांपुढे एकच शेरा आहे: ‘पाणी पाजले’.

पोटावरून सोनोग्राफी करायची तर लघवी तुंबलेली हवी, हा त्या खोलीचा पहिला धडा होता. भरलेले मूत्राशय आतड्यांना बाजूला सारते आणि पलीकडचे चित्र स्वच्छ दिसते. म्हणून दाराबाहेर पाण्याची टाकी होती, टाकीला साखळीने बांधलेला स्टीलचा पेला होता आणि भिंतीवर पाटी होती: ‘चार पेले पाणी प्या. लघवीला जाऊ नका.’ बाकावर बायका गुडघे जुळवून, ओठ घट्ट मिटून बसलेल्या असत. नवी बाई दार किलकिले करून विचारी, “कोणाला अगदीच राहवत नाही?” आणि बाकावरचे सगळे हात एकदम वर जात.

पुढे याच बाईला सगळे रुग्णालय मिलीमीटरबाई म्हणू लागले. एकच माप तीनदा घेतल्याशिवाय ती कागदावर पेन टेकवत नसे. तिचा नवरा शिंपी. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. दोघांचाही धंदा मापाचा, त्यामुळे भांडणेही मापाचीच.

“मी अर्धा इंच शिवणीत सोडतो,” तो म्हणे. “माणसाला उद्या जाड व्हायची मुभा असावी. तू मात्र कोणाला केसभर सोडत नाहीस.”

“तुमचं चुकलं तर उसवता येतं,” ती म्हणे. “माझं चुकलं तर काय उसवायचं?”

हे वाक्य ती सहज बोलत नसे. त्यामागे जून २००१ होता.

त्या महिन्यात तिची धाकटी नणंद, म्हणजे शिंप्याची बहीण, दुसऱ्या खेपेला विसाव्या आठवड्यात तपासायला आली. पहिली मुलगी चार वर्षांची होती. घरचेच माणूस, म्हणून मिलीमीटरबाईने टाकीचा पेला स्वतः भरून दिला, एकामागून एक चार वेळा. “वहिनी, मला बुडवून मारणार आहेस का?” असे नणंद म्हणाल्याचे दोघींनाही आठवते. गर्भाशयमुख, ज्याला बायका पिशवीचे तोंड म्हणतात, ते पोटावरून पस्तीस मिलीमीटर भरले. मधल्या महिन्यांत ते लांब आणि गच्च मिटलेले असावे लागते, आणि पस्तीस म्हणजे उत्तमच. तिने छापील चित्राच्या पाठीवर बॉलपेनने लिहिले: ‘३५. बंद. सर्व ठीक.’ तीन आठवड्यांनी, कळ नाही की कसली चाहूल नाही, नणंदेचे पाणी गेले. मुलगा झाला आणि चाळीस मिनिटे जगला.

कोणी कोणाला दोष दिला नाही. नणंदेने काही विचारले नाही. मिलीमीटरबाईकडे सांगण्यासारखे काही नव्हतेच. पस्तीसला दोष कसा द्यायचा?

सहा वर्षांनी, २००७ साली, रुग्णालयातल्या एका डॉक्टरांनी परिषदेहून आणलेली एक छायाप्रत सूचनाफलकावर टाचली. गर्भाशयमुख कसे मोजावे याचे नियम तिच्यात होते. पहिलाच नियम होता: मूत्राशय रिकामे असावे. भरलेले मूत्राशय पिशवीच्या खालच्या भिंती एकमेकींवर दाबते, आणि उघडू लागलेले तोंडसुद्धा मिटलेले, लांबलचक दिसते. मिलीमीटरबाईने तो नियम उभ्याने वाचला. मग ती बाकावर, पाणी पिऊन ताटकळलेल्या बायकांच्या रांगेत, त्यांच्यातलीच एक असल्यासारखी बसली.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारले, “तुमच्या धंद्यात मापाची सगळ्यात वाईट चूक कोणती?”

“गिऱ्हाईक पोट आत घेऊन उभं राहतं ती,” तो मान वर न करता म्हणाला. “टेप बरोबर, हात बरोबर, आकडा बरोबर. पोटच खोटं असतं.”

दुसऱ्या दिवसापासून खोलीतला क्रम बदलला. आधी पाणी पिऊन पोटावरची तपासणी, मग लघवीला जाऊन यायचे, मग आतून माप. तीन मापे, त्यांतले सर्वांत लहान ते खरे. तिने स्वतःची एक वही सुरू केली आणि तिच्यात एक जादा रकाना आखला: ‘मूत्राशय’. नणंदेला मात्र तिने काही सांगितले नाही. सांगायला धजली नाही, हे अधिक अचूक.

आता मुख्य घटना. शनिवार, १४ सप्टेंबर २०२४, सकाळी साडेनऊ. शिंप्याच्या दुकानात नणंद वादळासारखी शिरली. मागे तिची मुलगी होती, १९९७ सालची, म्हणजे सत्तावीस वर्षांची. शहराच्या बसगाड्यांवर ड्रायव्हर, आणि पहिलटकरीण. तिचा नवरा जहाजावर स्वयंपाकी होता आणि जानेवारीशिवाय परतणार नव्हता. सगळी मदार त्यामुळे माहेरावर.

“वहिनी, सदतीस!” नणंद दारातूनच ओरडली. “डेपोजवळच्या दवाखान्यात काल काढून घेतलं. सदतीस मिलीमीटर! बघ, लिहून दिलंय.”

शिंप्याने टेप गळ्यात अडकवली. “सदतीस म्हणजे दीड इंच जवळजवळ. वा! ऐसपैस.”

मिलीमीटरबाईने कागद हातात घेतला. आकड्यावर तिची नजर थांबली नाही. ती कागदावर दुसरेच काही शोधत होती, आणि ते लिहिलेले नव्हते.

“पाणी किती प्यायली होतीस?”

“दीड बाटली, मामी,” भाची म्हणाली. (नणंदेच्या आठवणीत एक बाटली आहे. वहीत दीड आहे. वही त्याच दिवशी लिहिलेली असल्याने ती ग्राह्य धरावी.) “इतकी तुंबली होती की हालताही येईना. ती बाई म्हणाली, शाब्बास, चित्र छान येतंय.”

“आतून मोजलं?”

“नाही.”

“मग हे सदतीस पोट आत घेऊन उभे आहेत,” मिलीमीटरबाई म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या. “चल. आत्ता. आणि वाटेत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.”

शिंप्याच्या हातातली कात्री हवेतच राहिली. पंचवीस वर्षांपेक्षा जास्त संसारात त्याने बायकोला अर्धा चहा टाकून उठताना पाहिले नव्हते.

रुग्णालयापर्यंत सात थांबे होते. भाचीने उभ्या उभ्या बसच्या ड्रायव्हरची हजेरी घेतली: “क्लच असा सोडतात का? प्रवासी आहेत की बटाट्याची पोती?” नणंद खिडकीशी बसली होती. मिलीमीटरबाई मनात मोजत होती: वीस आठवडे चार दिवस. विसावा आठवडा. पुन्हा विसावाच.

खोली आता नव्या इमारतीत होती. यंत्र तिसरे होते आणि पाण्याचा पेला साखळीतून सुटून प्लास्टिकचा झाला होता. पण अंधार तोच होता, आणि गरम पाण्याच्या भांड्यात उभी केलेली जेलची बाटलीही तीच वाटत होती. भाची लघवीला जाऊन आली. मिलीमीटरबाईने हात धुतला, पुसला, पुन्हा धुतला. आतून मोजताना दाबायचे नसते. दाबले की तोंड लांब दिसते, म्हणजे पुन्हा तेच खोटे. फुलावर बोट टेकवावे तितकाच भार.

पडद्यावर पहिले माप आले: अठरा.

नणंद उभी राहिली. “सदतीस होते ना? अठरा कुठून आले?”

“बस खाली.” दुसरे माप: सतरा. तीन मिनिटे थांबून तिसरे. आतले टोक आता किंचित उघडून नरसाळ्यासारखे झाले होते, अगदी नाजूक, पण दिसत होते. मिलीमीटरबाईने आकडा उच्चारण्याआधी तो दोनदा वाचला.

“सोळा.”

“सोळा म्हणजे वाईट?” भाचीने विचारले.

“सोळा म्हणजे वेळेवर कळलं,” मामी म्हणाली, आणि तिच्या आवाजात असे काही होते की भाची दचकून तिच्याकडे बघू लागली.   सतरा वर्षे पाळत ठेवलेला चोर मिलीमीटरबाईने आज घरात शिरताना पकडला होता, आणि चोराच्या हाती अजून काहीच लागले नव्हते.

त्या आनंदाला नणंदेच्या एका प्रश्नाने खीळ घातली.

“माझ्या वेळी किती होतं, वहिनी?”

“पस्तीस लिहिलं होतं मी.”

“पाणी पाजून.”

“हो. पाणी पाजून.”

यंत्राचा पंखा घरघरत होता. भाची एकदा आईकडे, एकदा मामीकडे बघत होती.

“तरीच,” नणंद म्हणाली. “किती वर्षं बघतेय मी. तुझ्या घरी आले की चहा देतेस, सरबत देतेस. पाण्याचा पेला कधी स्वतः देत नाहीस, दादाला सांगतेस. मला वाटायचं माझ्यावर राग आहे.”

 नणंदेने डोळे पुसले आणि पडद्याकडे बोट केले. “ते राहू दे आत्ता. हिचं काय करायचं ते बोल. उठ, डॉक्टरला बोलाव!”

डॉक्टरीण तरुण होती, भरभर चालणारी आणि त्याहून भरभर बोलणारी. तिने चित्र पाहिले, तीन मापे पाहिली आणि मिलीमीटरबाईच्या खांद्यावर थाप मारली. “पाचव्या महिन्यात, एकच बाळ, आधी कधी लवकर झालेलं नाही, आणि तोंड पंचवीसच्या आत. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. प्रोजेस्टेरॉन. रोज झोपताना एक गोळी आत ठेवायची, छत्तीस आठवड्यांपर्यंत. दर शनिवारी मापायचं. दहाच्या खाली गेलं तर तोंडाला टाका घालायचा विचार करू.”

“उपयोग होतो नक्की?” नणंदेने विचारले.

“अशा बायकांच्या गटात लवकर होणारी बाळंतपणं यानं कमी होतात, हे चाचण्यांत दिसलंय. पण प्रत्येकीला होईलच असं मी लिहून देणार नाही.”

“आणि झोपून राहायचं ना? नऊ महिने पूर्ण होईपर्यंत?”

“नाही. नुसतं झोपून राहिल्यानं हे थांबतं असं कुठं दिसलेलं नाही. उलट पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती. साधं चालणं-फिरणं ठेवायचं.”

हे नणंदेच्या गळी उतरले नाही. दुधाने तोंड पोळलेले माणूस ताकही फुंकून पिते. तिच्यावर तर दोनदा पोळायची वेळ आली होती. रविवारी मिलीमीटरबाई भाचीकडे पोचली तेव्हा पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली दोन दोन विटा होत्या, आणि भाची डोक्याच्या बाजूला घसरून उशीसकट भिंतीला टेकली होती.

“मामी, हिला सांग काहीतरी!” ती उलट्या अंगानेच ओरडली. “मी काय पाल आहे का, उलटी लटकायला?”

“पाणी खाली जाऊ नये म्हणून,” नणंद ठामपणे म्हणाली.

शिंपी मागून आला, वाकून बघितले आणि म्हणाला, “अगं, पोराला आत ठेवायचं तर ठेव, पोरीचं सगळं रक्त डोक्यात कशाला साठवतेस? आधीच तिचं डोकं गरम.”

विटा निघाल्या. त्याने त्या उचलून दुकानाच्या पायरीशी नेऊन ठेवल्या, “पुन्हा हाताशी लागू नयेत” म्हणून. डेपोने भाचीला गाडीवरून उतरवून वेळापत्रकाच्या टेबलावर बसवले. तिला ते अपमानाचे वाटले. मग तिने पहिल्याच आठवड्यात दोन फेऱ्यांची वेळ चुकल्याचे शोधून साहेबांनाच धारेवर धरले.

“माझ्या गाडीतून स्टॉप यायच्या आधी कोणी उतरत नाही,” ती पोटावर हात ठेवून सांगे. “दाराचं बटन माझ्याकडे असतं.”

“या दाराचं बटन तुझ्याकडे नाही, बाई,” मामी म्हणे. “गोळी ठेवलीस का?”

शनिवार, २१ सप्टेंबर. चौदा.

नणंदेने कपाळाला हात लावला. डॉक्टरीण म्हणाली, दोन मिलीमीटरने आभाळ कोसळत नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर. या दिवशीच्या नोंदीतली अक्षरे इतर पानांपेक्षा मोठी आहेत. बारा, अकरा, अकरा. सर्वांत लहान: अकरा. टाक्याची खोली, भूल देणारा, तारीख, सगळे ठरवून ठेवायचे असे डॉक्टरीण म्हणाली. पुढच्या शनिवारी दहाच्या खाली दिसले की लगेच. तो आठवडा त्या घरातल्या कोणालाही सरळ आठवत नाही. शिंप्याने एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन डाव्या बाह्या लावल्या, हे मात्र खात्रीने सांगता येते; सदरा अजून दुकानात लटकतो आहे. जहाजावरून जावई कुठल्या तरी बंदरातून रोज फोन करी आणि ‘हॅलो’च्या आधी विचारी, “किती?”

शनिवार, ५ ऑक्टोबर. खोलीत नणंद, दारात शिंपी (पुरुषांना मनाई असूनही), बाहेर परिचारिका घोळक्याने. मिलीमीटरबाईने पहिले माप घेतले आणि काही बोलली नाही. दुसरे घेतले. काही बोलली नाही.

“अगं, बोल की!” नणंद किंचाळली. “का जीव घेतेस?”

तिसरे माप. मिलीमीटरबाई वळली. “बारा. तिन्ही वेळा बारा.”

“वाढलं!” दारातून शिंपी ओरडला. “वाढलं, वाढलं!”

“वाढलं नाही,” ती म्हणाली. हसू दाबता दाबता तिचे गाल दुखत होते. “एका मिलीमीटरचा फरक माझ्या हातातही असू शकतो. वाढलं म्हणू नका. थांबलंय म्हणा.”

“थांबलंय!” शिंपी बाहेर सांगत सुटला. “आमचं थांबलंय!” ज्यांना प्रकरण ठाऊक नव्हते, अशा बाकावरच्या बायकांनीही त्याचे अभिनंदन केले.

मग मंगळवारी चोवीस आठवडे पूर्ण झाले, आणि डॉक्टरिणीने मिलीमीटरबाईच्या हातातून मापच काढून घेतले.

“आता मापायचं नाही. चोवीसच्या पुढे आकडा कळून आपण वेगळं काही करणार नाही. नुसती धाकधूक वाढते.”

“एकदा. फक्त एकदा.”

“मावशी, तुम्हीच सांगता ना, ज्याच्यावरून काही करायचं नाही ते मापू नये?”

हे तिचेच वाक्य होते. स्वतःच्याच छडीने मार खाल्ल्यासारखे झाले. अठ्ठावीस वर्षे जिने मिलीमीटर मोजले, तिला आता दिवस मोजण्यावर भागवावे लागले. तिने खोलीतल्या फळ्याचा एक कोपरा बळकावला. पंचवीस. सव्वीस. अठ्ठावीस आठवड्यांना परिचारिकांनी टाळ्या वाजवल्या. भाचीच्या पोटावरून शर्टाची बटणे लागेनात, तेव्हा मामाने कडेला कापड जोडून दिले आणि वर टोमणाही: “बघ, मुभा सोडलेली बरी असते.”

एकतीस आठवडे दोन दिवसांवर, २८ नोव्हेंबरला दुपारी, वेळापत्रकाच्या टेबलाशी भाचीचे पोट दगडासारखे घट्ट झाले. एकदा. पाच मिनिटांनी पुन्हा. डेपोतल्या ड्रायव्हरांनी रुग्णवाहिकेची वाट पाहिली नाही. एक रिकामी बस तिच्या एकटीसाठी निघाली, पाटीवर ‘विशेष’ लावून, आणि सातही थांबे न घेता रुग्णालयाच्या दारात उभी राहिली. भाचीने दातओठ खात एवढेच बजावले, “गतिरोधकावर हळू, गाढवा.”

बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिले गेले. नणंद कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होती. मिलीमीटरबाई सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसली, मांडीवर हात घट्ट दाबून. खोलीचे दार तिच्यामागे होते, यंत्र चालू होते, आणि तिला आत जायची परवानगी नव्हती. संध्याकाळपर्यंत कळा विरल्या. दोन दिवसांनी भाची घरी गेली. फळ्यावर एकतीसच्या पुढे बारीक अक्षरात कोणी तरी लिहिले: ‘स्टॉप नव्हता’.

बत्तीस. चौतीस, आणि डॉक्टरिणीने पहिल्यांदा खुर्चीत पाठ टेकली. छत्तीस, गोळ्या बंद. ७ जानेवारीला सदतीस पूर्ण झाले, म्हणजे आता बाळ मुदतीचे ठरणार होते. त्यानंतर मात्र ते हटूनच बसले. चार महिने ‘लवकर नको’ म्हणून सगळ्यांनी जीव मुठीत धरला होता, आता रोज सकाळी नणंद विचारू लागली, “अजून कसं नाही?”

“हिचं बघा,” शिंपी म्हणाला. “गाडी लवकर आली तरी तक्रार, वेळेवर आली तरी तक्रार.”

१५ जानेवारी २०२५, बुधवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. अडतीस आठवडे एक दिवस. मुलगी. दोन किलो नऊशे ग्रॅम. जहाजावरून चारच दिवसांपूर्वी उतरलेला बाप कोपऱ्यात हुंदके देत होता. पोरगी असा टाहो फोडत होती की दोन मजल्यांवर ऐकू गेला. भाची म्हणाली, “हॉर्न चालू आहे म्हणायचा.” मिलीमीटरबाई खोलीतले काम अर्धवट टाकून जिन्याने धावत आली होती. तिने बाळाला हातात घेतले आणि सवयीने डोक्यापासून टाचेपर्यंत नजरेने मापले. मग स्वतःलाच हसू येऊन मापणे सोडून दिले.

चार दिवसांनी, रविवारी, नणंद तिच्याकडे एक पाकीट घेऊन आली. आत प्लास्टिकच्या कव्हरात जून २००१ चे ते छापील चित्र होते. शिंप्याने दुकानाची खिडकी उघडली. दोघी उजेडात कागद धरून उभ्या राहिल्या.

कागद कोरा होता. तो उष्णतेने उमटणारा चकचकीत कागद. अशा कागदावरचे चित्र वर्षांगणिक फिके होत जाते. तेवीस वर्षांत तिथे करड्या धुक्याखेरीज काही उरले नव्हते: मूत्राशय नाही, तोंड नाही, बाळ नाही. पाठीवरची बॉलपेनची शाई मात्र ठसठशीत होती. ‘३५. बंद. सर्व ठीक.’ पुरावा उडून गेला होता आणि निष्कर्ष शिल्लक होता.

“मला वाटलं, तू बघशील आणि सांगशील,” नणंद म्हणाली.

“यातून आता काही सांगता येत नाही.”

“तेव्हा खरं माप लहान असतं, आणि कळलं असतं, तर?”

“कदाचित टाका घातला असता. या औषधाचं तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं तो राहिला असता का, ते मला माहीत नाही.”

“आणि हिची? औषधानं थांबली ना?”

शेजारच्या खोलीतून बाळाने पुन्हा हॉर्न दिला.  हो म्हणणे किती सोपे होते.

“काही जणींचं औषधाशिवायही थांबतं. काही जणींचं औषध घेऊनही थांबत नाही. हिचं कशानं थांबलं, ते कोणालाही सांगता येणार नाही. तिचं तोंड मुळात आखडायला का लागलं, तेही नाही.”

नणंदेने मान हलवली. मग शिंप्याच्या खडूच्या डबीतले पेन उचलून वहिनीसमोर धरले. “पाण्याचं यात काहीच लिहिलेलं नाही. लिही. चार पेले. मी मोजले होते.”

मिलीमीटरबाईने जुनी ओळ खोडली नाही. नोंद खोडायची नसते, तिच्याखाली नवी लिहायची असते. तिने तारीख घातली, १९ जानेवारी २०२५, आणि लिहिले: ‘मूत्राशय भरलेले, चार पेले. खरी लांबी माहीत नाही.’

पेन खाली ठेवून ती आत गेली आणि पाण्याने भरलेला एक पेला घेऊन आली. तो तिने स्वतःच्या हाताने नणंदेला दिला. नणंदेने तो एका दमात संपवला आणि बाळ रडत होते तिकडे धावली.